रोझाफाच्या डाव्या कानातला मी

मी रोझाफाच्या डाव्या कानात असायचो. मी तिचा इअरपीस. टीव्हीवर ती तुमच्याकडे बघून गोड हसायची ना, त्याच्या आधी 'हस' असं तिला आतून मी सांगितलेलं असायचं. खरं तर सांगायचा बार्धिल, आमचा निर्माता. तो काचेपलीकडे बसून हुकूम सोडायचा, मी निमूट पोचवायचो. शिव्या मात्र माझ्या वाट्याला.

आमच्या राजधानीत, तिरानातल्या एका दुकानात तिच्या कानात मऊ लगदा भरून माझा साचा काढला. त्यामुळे मी दुसऱ्या कुणालाच बसत नाही. त्या दिवशी ती कारागिराला म्हणाली होती, "फार टिकाऊ नको हं. मी नाटकातली आहे. चांगलं नाटक मिळेपर्यंतच हे." मला वाटलं, चला, थोड्या दिवसांची नोकरी. कसलं काय.

रोज सकाळचा कार्यक्रम, उन्हाळ्यात दुर्रसच्या किनाऱ्यावरचा, वर्षअखेरीला नाचगाण्यांचा. मधे कधी नाटकाचं बोलावणं आलं, की बार्धिल म्हणायचा, "नवीन वर्ष होऊन जाऊ दे राणी, मग कर की तुझं नाटक." नवीन वर्षं येत राहिली. आणि मी तिच्या डोक्यात कोकलत राहिलो. हस. उजवीकडे बघ. तुझा तो गावचा, श्कोदरचा हेल काढू नकोस. पाहुण्याला आवर, खायला ठेवलेला ब्युरेक गार होतोय. 'छान झालं' असं बार्धिल कधी म्हणालाच नाही, तर मी तरी कुठून आणून पोचवणार?

एकदा पाहुण्या म्हणून लिरीबाई आल्या. अकादमीत रोझाफाला अभिनय शिकवला तो यांनीच. बाई आपल्या पहिल्या भूमिकेबद्दल सांगताना रंगात आल्या आणि हुकूम सुटला, "तोड तिला, जाहिरात आहे." रोझाफाने हसत हसत तोडलं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं पोरी, बघतेस माझ्याकडे, पण ऐकतेस कुणाचं?"

सगळा देश बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर तिने मला उपटून पर्समध्ये टाकलं आणि बार्धिलला सांगितलं, "मी उद्यापासून येत नाही."

"जा, जा. तिकडे नाटकात रिकाम्या खुर्च्यांना हसून दाखव," बार्धिल म्हणाला.

लिरीबाई तेव्हा नवं नाटक बसवत होत्या. त्यांनी तिला मुख्य भूमिका दिली. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण तालमीत भलतंच झालं. रोझाफा एक वाक्य बोलायची आणि गप्प व्हायची. पुढचं सगळं तोंडपाठ होतं हो! पण कुणीतरी 'बोल' म्हणेल म्हणून ती थांबायची. इतक्या वर्षांची खोड. बाकीचे नट एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटी तिने मला पुन्हा कानात घातलं, केसांखाली लपवून. तार नाही, आवाज नाही, मी ठार मुका. तरी तिचं बोलणं सुरळीत. असा संताप आला मला! हुकूम पोचवत होतो तेव्हा नकोसा होतो, आणि आता वाचा गेल्यावर हवाहवासा.

बाईंच्या नजरेतून काय सुटतंय? "काय आहे ते कानात?"

"काही नाही बाई. आधार वाटतो."

"प्रयोगाला तो आधार दिसला, तर दुसऱ्या दिवशी तू दिसणार नाहीस."

पहिल्या प्रयोगाला तिने मला रंगपटात आरशापुढे, कॉफीच्या बशीत ठेवलं. दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा परत येऊन मला उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग गेली. मी बशीत पडून जळफळत राहिलो. तिचं एक वाक्यही आतपर्यंत पोचत नव्हतं.

परत आली ती घामाने निथळत. खुर्चीत बसली आणि माझ्याशीच बोलायला लागली, "मधेच अडकले रे. लोक खोकायला लागले. कुणी काही सांगेचना." तिने चेहऱ्यावरचा रंग पुसला. "मग मीच बोलले."

तेव्हापासून मी इथेच आहे, बशीतून खणात. बाहेरून टाळ्या ऐकू येतात, म्हणजे जमतंय तिला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तिला माझ्या मनाचं काही सांगावंसं वाटतंय, आणि आता मी तिच्या कानात नाही. तुम्ही कधी त्या नाटकाला गेलात, तर शेवटी आत जाऊन एवढं करा. तिला म्हणा, छान झालं.