संचिता जिथे बसायची

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. कोपरीतल्या एका शाळेत, मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात माझी जागा. सखाराम सुताराने मला घडवलं तेव्हा माझी पाठ इतकी गुळगुळीत होती की जाता-येता सगळ्या बाई हात फिरवायच्या. सुरुवातीची वर्षं मी वाचनालयात मानाने काढली. पुढे तिथे खुर्च्या आल्या आणि मी बाहेर आलो. वर्गातून काढलेली मुलं आणि शाळेत बोलावलेले पालक, एवढेच मग माझे सोबती.

त्यांत सगळ्यांत जास्त बसली ती संचिता. दुसरीत होती तेव्हापासून. तिचे पाय सतत हलायचे. डबा विसरायची, वही अर्धी सोडायची, बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन टाकायची. उत्तर बहुतेक बरोबर असायचं, तरी शिक्षा व्हायची.

तिच्याच वर्गातला ऋतुराजही असाच होता. त्याच्या आईला बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, फक्त चंचल आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." त्याला दाखवलं, औषध सुरू झालं, वर्गात पुढे जागा मिळाली.

संचिताची आई मेघनाताई कामावरून धावत आली. तिला मात्र त्याच बाईंनी सुनावलं, "तुमच्या वस्तीतल्या मुलांना एका जागी बसायची सवयच नसते. घरी जरा वळण लावा."

मेघनाताई बाहेर माझ्यावर येऊन बसली, लेकीचा दंड घट्ट धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, आपण जयभीमवाले. दुसऱ्याच्या पोराने दंगा केला तर ते पोर खोडकर. तू केलास तर लोक आपल्या अख्ख्या समाजाला बोलतात. तुला दुप्पट नीट राहायला लागेल, कळलं?"

"मी ट्राय करते गं आई. होतच नाही."

आईने तिला चापट मारली. मग स्वतःच तोंड फिरवून डोळे पुसले.

वर्षं गेली. संचिता शांत झाली. सगळ्यांना वाटलं, सुधारली. खरं तर तिने बोलणंच सोडलं होतं. माझी कड नखाने कुरतडत बसून राहायची.

ती नववीत असताना समीक्षा मॅडम नव्याने आल्या. त्यांनी मेघनाताईला बोलावलं आणि तिच्या शेजारी माझ्यावरच बसल्या. "ताई, ही उद्धट नाही. मला वाटतं, हिला एडीएचडी असावा. एका जागी लक्ष ठेवणं हिला खरंच जड जातं. डॉक्टरांना विचारूया."

डॉक्टरांनी तपासलं आणि तेच निघालं. मॅडमना सांगायला मायलेकी आल्या, पण मेघनाताईचा पाय खोलीत पडेना.

"इतकी वर्षं मारलं गं मी तुला," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील या धाकाने."

"मला पण वाटायचं आई, मी वाईटच आहे म्हणून."

संचिता हे इतक्या सहज म्हणाली की आईने तिला तिथेच जवळ ओढून घेतलं.

आता तिला मदत मिळते, अभ्यासही जमतो. पण मॅडम "शाबास" म्हणाल्या की ती आधी मागे वळून बघते, दुसऱ्या कुणाला म्हटलं असेल म्हणून.

मित्रांनो, माझा एक पाय खिळखिळा झालाय. लवकरच मला भंगारात काढतील. त्याचं दुःख नाही, लाकूड आहे, मोडणारच. पण तुमच्या वर्गात कुणी सारखं चुकत असेल, तर त्याचं आडनाव, त्याची वस्ती बघू नका. शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय जड जातंय?" संचिताला हे कुणीतरी दुसरीतच विचारायला हवं होतं.