पडद्यामागच्या बातम्या

रेडिओच्या काचेच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा एक हिरवा डोळा होता आणि त्यात एक काळी फट असे. स्टेशन नीट लागलं की फट मिटत जाई. मुंबई केंद्रावर ती पूर्ण मिटे. क्रिकेटचं समालोचन ज्या लहरीवर येई तिथे मात्र काटा कितीही हळू फिरवला, तरी नखाएवढी उघडी राहीच. मुलुंडच्या त्या तीन खोल्यांत ही गोष्ट मृणालिनीखेरीज कुणाच्या लक्षात आली नव्हती. बाकीच्यांना त्या डोळ्याचा उपयोग एवढाच, की तो हिरवा झाला म्हणजे सेट तापला.

सेट तिने घेतला होता. घाटकोपरच्या शाळेत ती मुलींना शास्त्र शिकवायची, आणि तिच्या वडिलांची, आबांची, दृष्टी काचबिंदूने गेली त्या वर्षी तिने तो आणून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. दुपारच्या मराठी बातम्यांना आबा धोतर नीट करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. कचेरीत साहेबासमोर बसत असतील तसे. बातम्या संपल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत.

पण मद्रासला कसोटी सामना सुरू झाला, आणि रेडिओ खुर्चीशेजारून उठून मधल्या खोलीत गेला.

"तिकडे एरियल जवळ पडते," तिचा धाकटा भाऊ नंदकिशोर म्हणाला. एरियल होती तिथेच होती. मधल्या खोलीत माणसं जास्त मावत होती, एवढंच. कचेरीतून आजारपणाच्या रजा काढून आलेली धडधाकट माणसं सकाळपासून तिथे मांडी घालून बसत. समालोचन इंग्रजीत. निम्म्यांना ते कळत नसे, पण मैदानावरच्या लोकांचा गलका ऐकू आला की सगळे एकदम ओरडत, आणि मग शेजाऱ्याला हळूच विचारत, "काय झालं रे?" सुनंदा, नंदकिशोरची बायको, चहाच्या कपांचे ट्रे नेता नेता दमून गेली होती.

"आणि आबांच्या बातम्या?" पहिल्याच दिवशी मृणालिनीने विचारलं होतं.

"सामन्यापायी पुढेमागे होतात गं ताई. पण ऐकवतो ना! आवाज मोठा करतो, त्यांना बाहेर ऐकू जातं. विचार त्यांनाच."

तिने विचारलं. आबा म्हणाले, "हो, झाल्या बातम्या. नवीन निवेदक आलाय कुणी. आवाज जरा नाटकी आहे." एवढं बोलून त्यांनी भातावर वरण मागितलं.

मृणालिनीच्या मनात त्या दिवसांत दुसरंच होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेने तिला जागा देऊ केली होती. राहायला दोन खोल्याही मिळणार होत्या, आणि होकार या आठवड्यात कळवायचा होता. आबांना इथे टाकून ती जाणार नव्हती. गणपतीपासून ती त्यांना चला म्हणत होती आणि आबा म्हणत होते, बघू. अडचण पुण्याच्या थंडीची नव्हती, डोळ्यांचीही नव्हती. मुलगा असताना बापाने मुलीच्या घरी राहायचं म्हणजे काय! लोक मुलीकडचं पाणी पीत नाहीत, आणि हे तिच्या पगारावर जेवणार? नंदकिशोरही तेच म्हणे. वर म्हणे, "मला तोंड दाखवता येईल का चारचौघांत?" त्याच्या घराला तिचा पगार लागतो, हे मात्र चारचौघांत तो कधी म्हणाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी शाळेत कुणाची तरी शोकसभा झाली आणि ती लवकर घरी आली. पायऱ्या चढतानाच बातम्या ऐकू आल्या. खणखणीत, प्रत्येक शब्दावर जोर देऊन वाचलेल्या. बाहेरच्या खोलीत आबा हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. समोर मधल्या दाराचा पडदा. ती चपला काढून आवाज न करता पडद्याच्या कडेशी गेली.

पहिल्यांदा तिला हिरवा डोळा दिसला. फट नखाएवढी उघडी होती.

मग बाकीचं दिसलं. नंदकिशोर सेटच्या कापडाला कान चिकटवून जवळजवळ लोळत होता. आवाज अगदी बारीक केलेला. मधूनच तो बोटं वर करून धावा दाखवी, आणि सात-आठ बाप्ये तोंडावर हात दाबून मुके आनंद करत होते. पडद्याच्या आत चंद्रप्रकाश उभा होता. वरच्या मजल्यावरचा, गणेशोत्सवाच्या नाटकांत राजाचं काम करणारा. त्याने तोंडासमोर रिकामं पातेलं धरलं होतं, म्हणजे आवाज रेडिओसारखा घुमावा. दुसऱ्या हातात सकाळचा पेपर होता.

"...धरणाच्या कामाची आज मंत्र्यांनी पाहणी केली," पातेलं म्हणालं. "तसेच, नाशिकजवळ मालगाडीचे चार डबे घसरले. प्राणहानी नाही."

मृणालिनीला राग मागून आला. आधी आलं ते आश्चर्य, इतक्या ढळढळीत मूर्खपणाचं. हा पेपर तिने आज उजाडताच, चहाबरोबर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आबांना वाचून दाखवला होता. रोजच दाखवायची. नंदकिशोर त्या वेळी घोरत असे. आपल्या बापाची सकाळ कशी जाते, हे या घरच्या कर्त्या मुलाला ठाऊकच नव्हतं.

"बातम्या संपल्या," पातेल्याने जाहीर केलं.

"निवेदक," आबा खुर्चीतूनच म्हणाले, "मालगाडीचे डबे सकाळी सहा होते. दोन परत चढवले वाटतं?"

पडद्यामागे कुणीतरी फस्सकन हसलं. चंद्रप्रकाशने घाईने पेपरात डोकं घातलं. सहाच होते.

"आणि तंबाखू जरा कमी खावी. रेडिओतून वास येतो."

मृणालिनीने पडदा एका झटक्यात सरकवला. पातेलं चंद्रप्रकाशच्या हातातून सुटलं आणि घरभर गरगरत गेलं. नंदकिशोर कान चोळत उठला.

"वन्सं, मी सांगत होते यांना—" सुनंदा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"अगं ताई, गंमत होती यार!" नंदकिशोर म्हणाला. "सामना ऐन रंगात आलाय. काटा हलवला असता तर पुन्हा लागला असता का? आबांना काय, बातम्या मिळाल्याशी मतलब. त्यांचं काय बिघडलं, सांग ना!"

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आबा?" तिने विचारलं.

"पहिल्याच वाक्याला."

"मग बोलला का नाहीत?"

आतला कुणीतरी तेवढ्यात सेटचा आवाज किंचित वाढवून घेत होता, ते तिला दिसलं.

"मुलाचं घर आहे," आबा म्हणाले. "म्हटलं, आज नाही तर उद्या त्यालाच कसंतरी वाटेल. पडदा बाजूला करून म्हणेल, आबा, चुकलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आजही तू आलीस म्हणून पडदा सरकला."

"आबा, एवढं मनाला नका लावून घेऊ," नंदकिशोर म्हणाला. त्याचा एक डोळा अजून सेटकडे होता. "दोनच दिवस उरलेत. मग रेडिओ तुमच्या खुर्चीशी. बस?"

मधल्या खोलीतून एकदम आरोळी उठली. कुणीतरी बाद झालं होतं, आपलं की त्यांचं हे कुणालाच कळलं नव्हतं. नंदकिशोर वळला आणि दोन पावलं आतही गेला.

आबांनी गुडघ्यांवरचे हात उचलले. एक हात पुढे करून त्यांनी हवेत चाचपडलं. मृणालिनीने तो धरला.

"पुण्याला आजच कळव, मृणाल," ते म्हणाले, आतल्या गलक्यावरही स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात. "मी तुझ्या घरी राहायला येतो."