पट्टीचा पोहणारा

सिद्धेश्वरच्या धरणात बुडून प्रेमानंद गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. लहानपणापासून मासे धरणारा, पट्टीचा पोहणारा. पाणी शांत होतं. अडकलेलं जाळं सोडवायला त्यानं उडी मारली आणि तो वर आलाच नाही. गावानं कारण ठरवून टाकलं: प्यायला असेल. तरुणपणी तो प्यायचा, हे खरं. पण मरायच्या आधी दोन वर्षं त्यानं थेंब घेतला नव्हता. वडील अमृतराव यांनीही गावाचंच खरं मानलं आणि लेकाचं नाव घेणं सोडलं.

धाकटी बहीण ऐश्वर्या हिंगोलीत नर्स होती. तिला ते पटलं नाही, पण दाखवायला तिच्याजवळ काही नव्हतं.

तीन वर्षांनी प्रेमानंदची मुलगी ज्योती शाळेत धावता धावता कोसळली. मिनिटभरात उठून बसली. ऊन लागलं असेल, असं सगळे म्हणाले. ऐश्वर्यानं दुसऱ्याच दिवशी तिचा ईसीजी काढून घेतला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा मोजून पाहिला.

"घरात कुणी अचानक गेलंय?"

"हिचे वडील. पोहताना."

रक्त मुंबईला गेलं. पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. ज्योतीच्या एका जनुकात फार क्वचित आढळणारा बदल होता. त्यामुळं प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जास्त वेळ लागायचा. एरवी काही जाणवत नसे, पण धावताना, पोहताना त्याची लय एकाएकी बिघडू शकत होती. रोज गोळी, पोहणं आणि शर्यती बंद, एवढं सांभाळलं तर धोका बराच कमी होणार होता.

"माझ्या भावाचं हेच झालं का?" ऐश्वर्यानं विचारलं.

"आता सिद्ध करता येणार नाही. मला तरी तसंच वाटतं. तुमची आणि तुमच्या वडिलांचीही तपासणी करा."

ऐश्वर्याच्या रक्तात तो बदल नव्हता. तिची आणि प्रेमानंदची आई वारलेली. राहिले अमृतराव.

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "अडुसष्ट वर्षांत कधी भोवळ आली न्हाई."

"एखाद्याला जन्मभर कळत न्हाई, बाबा."

"मंग काहून रक्त काढायचं?"

"तुमच्या पुतण्यांची आठ लेकरं हाईत. समदी धरणावर पोहतेत. तुमच्यात निघालं तर त्यांचंबी तपासता येईल. आन् प्रेमानंद पिलेला नव्हता, बाबा."

अमृतराव उठून बाहेर गेले. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलेले दिसले.

"चल," एवढंच म्हणाले.

बदल त्यांच्यातही सापडला. त्यांनी कागद सदऱ्याच्या खिशात घातला. मग ऐश्वर्याला घेऊन पुतण्यांकडं निघाले आणि तिघांना एका जागी बसवून स्वतःच बोलले.

"हे आपल्या रक्तात हाय. माझा लेक ह्याच्यानंच गेला आसंल. मी त्याला दारुडा म्हणलो. तुमी लेकरं तपासून घ्या."

"पोरींची लग्नं अडतील, काका," थोरला पुतण्या प्रज्ञेश म्हणाला.

"लेकरू जित्तं राहिलं तर लग्नाचं बघता येतंय."

दोन घरांनी होकार दिला. आधी बापांचं, मग लेकरांचं रक्त तपासलं. एका घरात बाप आणि त्याची दोन लेकरं निघाली. तिघांच्या गोळ्या सुरू झाल्या. औषध चुकू नये म्हणून ऐश्वर्या रोज सकाळी फोन करायची.

प्रज्ञेशनं दार लावून घेतलं. त्याची तीन लेकरं अजून पोहायला जात होती. पुढच्या रविवारी ऐश्वर्या आणि अमृतराव त्याच्या दारात जाऊन बसले. त्यानं हाकललं नाही, पाणी दिलं. हो म्हणाला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही ऐश्वर्या पहिल्या एसटीनं आली आणि दोघं पुन्हा त्याच्या दाराकडं निघाली.