स्टॅनच्या अ‍ॅलोसॉरसचा कल

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी व्हिटबी या इंग्लंडमधल्या बंदरगावाच्या चॅपल-हॉलमध्ये स्टॅन ब्रेथवेटचा अ‍ॅलोसॉरस पडला. पडताना त्याने शेजारच्या ट्रायसेरॅटॉप्सचं शिंग मोडलं आणि एका शाकाहारी पिल्लाला टेबलाखाली लोटलं. मनुष्यहानी झाली नाही. चहा थांबवण्यात आला नाही.

स्टॅन मार्चमध्येच वारला होता, त्यामुळे त्याला हे बघावं लागलं नाही. बघावं लागलं ते माल्कम थ्रेलफॉलला. हा प्राणी प्रदर्शन संपेपर्यंत ताठ उभा राहील, असा शब्द त्याने स्टॅनच्या बायकोला, डोरीनला दिला होता.

हे प्राणी का पडतात, याचं उत्तर विज्ञानाच्या प्रगतीत आहे. पूर्वीचा मांसाहारी डायनासोर शेपूट जमिनीला टेकवून तिपाईसारखा बसे, आणि त्याचं खेळणं कपाटावर पिढ्यान्‌पिढ्या टिके. मग शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की शेपूट हवेत असायची. प्राण्याला त्याचा मान मिळाला आणि खेळण्याचा तोल गेला. आता सगळं धूड दोन घोट्यांवर, आणि घोटे अशा प्लास्टिकचे की उन्हाळा लागला की त्यांना वाकायची बुद्धी होते. कारखानदार बिचारे खोक्यात आधाराची पारदर्शक काडी देतात. असली खेळणी जमवून दर वर्षी त्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्या संग्राहक मंडळाचे सभासद ती काडी खोक्यातच ठेवतात, आत्याने विणलेल्या स्वेटरसारखी. काडी नाही, चिकणमाती नाही, शेपूट टेकलेली तर मुळीच नाही, हा मंडळाचा नियम. स्वतः सभासदांपैकी निम्मे काठी टेकत येतात, तो भाग वेगळा.

अशा मंडळात माल्कम हा पायांचा वैद्य होता. उकळतं पाणी घ्यायचं, घोटा त्यात धरायचा, मऊ पडला की वळवायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा. हे कुणालाही जमतं. किती वळवायचा, हे फक्त माल्कमला कळे, असं माल्कमचं मत होतं. तो मोजमाप वापरत नसे. मोजपट्टी ही ज्यांना नजर नाही त्यांच्यासाठी असते, असं तो म्हणे.

स्टॅनने मात्र आपल्या प्राण्याला त्याचा हात कधी लागू दिला नव्हता. दर वर्षी हॉलमध्ये तो अ‍ॅलोसॉरस जरासा डावीकडे झुकलेला असे. दर वर्षी माल्कम म्हणे, "स्टॅन, तुझा प्राणी पिऊन आलाय." दर वर्षी स्टॅन म्हणे, "घरी शुद्धीवर असतो. तू आलास की त्याला घेरी येते." एवढ्यावर त्यांची मैत्री तीस वर्षं चालली.

या वर्षी मधलं टेबल स्टॅनच्या आठवणीसाठी ठेवायचं ठरलं. आदल्या मंगळवारी डोरीन बंदरावरचा पूल ओलांडून पूर्व काठावरून पश्चिम काठावर माल्कमकडे आली. प्राणी किटलीच्या लोकरी टोपीत गुंडाळलेला होता.

"हा सरळ कर," ती म्हणाली. "या वर्षी तरी त्याला कुणी दारुडा म्हणायला नको."

"म्हणणारा मीच होतो, डोरीन."

"म्हणून तर तुझ्याकडे आणलाय."

माल्कमने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. प्राणी इतका कलला की माल्कमला हात लावून सावरावा लागला.

"बघ, किती वाढलंय. स्टॅनने ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती."

"पडणार नाही ना?"

"माझ्या हातचा प्राणी पडत नाही."

माल्कमची बायको जीन बटाटे सोलत होती. ती सोलायची थांबली.

काम अर्ध्या तासात झालं. अ‍ॅलोसॉरस टेबलावर असा उभा राहिला की जणू राणीला मानवंदना द्यायला आलाय. माल्कमने तो खिडकीच्या चौकटीशी ताडून पाहिला. चौकट आणि प्राणी समांतर होते. शनिवारी हॉलमध्ये मात्र तो ठेवल्याक्षणीच उजवीकडे जरा कलून उभा राहिला. माल्कमने नवा पाय जागेवर बसतोय असं सांगितलं. हॉलमधली गरमी वाढत गेली, चार वाजून दहा झाले, आणि पुढचं वर आलंच आहे.

पहिला पोचला तो नायजेल ऑग्डन, मंडळाचा खजिनदार. हा निवृत्त कंत्राटदार गवंड्याची पाणसळ खिशात घेऊन फिरतो. लोक लग्नातही त्याच्याशेजारी बसायचं टाळतात. त्याने पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये उभा राहिला.

"टेबलात काही खोट नाही," नायजेल म्हणाला. "माल्कम, पाय तू कुठे सरळ केलास?"

"घरी. नेहमीच्या टेबलावर."

"आणि ते टेबल कशावर आहे?"

"फरशीवर. टेबलं कशावर असतात?"

"बंदरावरच्या घराच्या फरशीवर," नायजेल म्हणाला आणि पाणसळ खिशात टाकली. त्याच्या आवाजात सहानुभूती होती. तीच जास्त लागली.

डोरीनने प्राणी उचलला, पुन्हा टोपीत गुंडाळला आणि पूल ओलांडून गेली.

संध्याकाळी जीनने वाटाण्याचा एक दाणा टेबलाच्या कडेला ठेवला. तो खिडकीकडे, म्हणजे बंदराकडे, निवांत घरंगळत गेला आणि माल्कमच्या ताटाशी थांबला.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. माझे वाटाणे तुझ्या ताटात जातात. मला वाटायचं, तू मुद्दाम तिकडे बसतोस."

"आणि खिडकीची चौकट?"

"घराबरोबर घराची चौकट. ती काय एकटी सरळ राहणार?"

माल्कमने जेवण बाजूला सारलं. पश्चिम काठावरच्या सभासदांची आजवर एकही तक्रार नव्हती. त्यांची घरं त्याच्या घरासारखीच पूर्वेला, पाण्याकडे कललेली. पूर्व काठावरच्यांचे प्राणी पडत, तेव्हा तो त्यांना ऐकवी की तुम्ही रेडिएटरजवळ ठेवता. त्या काठाची घरंही पाण्याकडेच कललेली आहेत, म्हणजे उलट्या बाजूला. ऐकून काहींनी रेडिएटर बदलले होते.

रविवारी सकाळी फोन आला.

"तो उभा राहत नाही," डोरीन म्हणाली. "स्टॅनच्या फळीवर. इतकी वर्षं तो तिथे उभा होता, माल्कम. तिथे तो सरळ होता."

"मला आता कळलं."

"स्टॅन सांगत होता तुला."

"मला वाटायचं तो चेष्टा करतोय."

"चेष्टा तू करत होतास. मला तो होता तसा करून दे."

सोमवारी दुपारी माल्कम स्वतःची किटली घेऊन पूल ओलांडून गेला. डोरीनकडे किटली नव्हती असं नाही, पण रिकाम्या हाताने जायचा त्याला धीर झाला नाही. या वेळी काम स्टॅनच्या फळीवरच करायचं, एवढं त्याला कळलं होतं. अडचण दुसरीच निघाली. प्राणी फळीवर नुसता उभा करणं कठीण नव्हतं. पण स्टॅनचा प्राणी कसा उभा असे, मान कुठे जाई, शेपूट भिंतीपासून किती दूर असे, हे सांगायला कुणी नव्हतं. तीस वर्षांत माल्कमने त्याचा फक्त वाकडेपणा पाहिला होता, तोही परक्या टेबलावर. आणि डोरीनने त्याच्यावरची धूळ पुसली होती.

"जरा खिडकीकडे," ती म्हणाली.

"एवढा?"

"एवढा नाही. तो खिडकीतून बघायचा. आता रस्ता शोधतोय असं वाटतं."

घोटा तीनदा गरम झाला, तीनदा गार झाला. प्लास्टिक किती वेळा वाकल्यावर तुटतं, हे माल्कमला माहीत होतं. त्याने ते सांगितलं नाही. चौथ्यांदा त्याने प्राणी फळीवर ठेवला आणि हात काढून घेतला.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा अ‍ॅलोसॉरस उभा होता. डोरीनने त्याच्या पाठीवरचं बोट अजून काढलेलं नव्हतं.