दुधीला निवडून दिलं कोणी?

परळच्या त्या कॉलेजात जिन्याखाली माणसाएवढा टच स्क्रीन उभा केला, तो मुलांनी फोनमधून डोकं काढून एकमेकांशी बोलावं म्हणून. कल्पना शेवटच्या वर्षाच्या नूपुरची. पण मुलं त्याच्यासमोर थांबत ती फक्त केस सारखे करायला. शेवटी प्राचार्यांनी तिला बजावलं, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर इथे गर्दी दिसली नाही, तर हा माझ्या केबिनमध्ये."

नूपुरने स्क्रीनवर शेवटचा प्रश्न टाकला, बटणाला बोट लागलं की मत : कॉलेज उघडेल त्या दिवशी कॅन्टीनमध्ये काय हवं? मिसळ, बटाटावडा की दुधीची भाजी? दुधी आपला जागा भरायला. कॅन्टीनच्या गंगुबाई म्हणाल्या, "जिंकेल ते करीन."

सुट्टी लागली त्या संध्याकाळी शिपाई नाना झेंडूचा हार घेऊन आले.

"नाना, ह्याला हार?"

"दसऱ्याक मशीन बोडक्या ठेवतंस गो? माझो बापूस मिलात कापडाच्या मागाक हार घालायचो."

हार चढला, वर पाणी शिंपडलं गेलं. नाना समाधानाने घरी गेले, पंखा तसाच चालू सोडून.

कॉलेज उघडलं तेव्हा दुधी प्रचंड बहुमताने निवडून आला होता. आणि शिजलाही होता.

ताटं बघून सगळी पोरं थेट जिन्याखाली.

"कोण रे तो दुधीवाला? समोर ये!"

"कॉमर्सवालेच. त्यांना चव कुठाय?"

"गप ए! दिवसभर लॅबमध्ये बेडूक हुंगता तुम्ही!"

तीन वर्षं कुणाशी न बोललेला हेरंब पायरीवर चढला आणि त्याने 'दुधी हटाव मंडळ' स्थापन केलं. पोरगा लालबागचा, गणपती मंडळांत वाढलेला. काम ठरायच्या आत अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि दोन सल्लागार नेमून झाले. सायन्सची श्रेया कॉमर्सवाल्याच्या वडापावातला अर्धा खात घोषणा लिहीत होती.

नूपुरची नजर हाराकडे गेली. सगळ्यात खालचा झेंडू पंख्याच्या वाऱ्याने डुलत होता, नेमका दुधीच्या बटणावर. ओला होता तोवर चार दिवस इमानेइतबारे मतदान केलं, आता सुकून बिचारा गप्प झाला होता. ती खरं सांगणार, तेवढ्यात प्राचार्य आले.

"वा! काय गर्दी! पण ही मतं दिली कोणी?"

"सर, गुप्त मतदान आहे."

"बरोबर, बरोबर. स्क्रीन इथेच राहू दे. तेवढा सुकलेला हार काढा."

नूपुरने हार काढला आणि नानांना गाठलं.

"नाना, ताजा हार मिळेल?"

"आता कसलो सण?"

"फेरमतदान. दुधीच्या खाली नवं बटण येतंय. जरा लांब आणा हं. कारल्यापर्यंत पोचला पाहिजे."