पहिल्या लोंबीचा मान

माझा धाकटा भाऊ राघो लढाईवरून परत आला तो दोनच गोष्टी घेऊन. रुमालात बांधलेलं मूठभर बियाणं आणि तोंडात ब्रह्मदेश. फौजेच्या होड्यांवर खलाशी म्हणून त्याने दोन वर्षं इरावतीच्या मुखाशी काढली होती. बियाणं वाढायला तीन पावसाळे लागले. ब्रह्मदेश पहिल्याच दिवशी आमच्या ओटीवर पसरला.

"नदीला तिथं नऊ तोंडा हायत, दादूस. नजर जाईल तिथवर भात. घरा खांबांवर. आन् गावोगाव सोन्याचा देऊल."

आमचं अर्धं माजिवडा गाव ऐकायला यायचं. माझी बायको गोदा, जी माझं एक वाक्य पुरतं ऐकत नसे, तीसुद्धा सूप मांडीवर ठेवून बसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"लोक देवाला सोन्याचा वर्ख लावतात. एक म्हातारा शेतकरी देवाच्या पाठीलाच लावायचा. का, तर पाठ कुणी बघत नाय."

"मग फुकट गेला की वर्ख!" मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

आमच्या गावात खाडीकाठच्या शेतात ज्याचं भात आधी पिकेल, तो दसऱ्याला वाजतगाजत पहिल्या लोंब्या गावदेवीला नेतो. अकरा वर्षं तो मान माझा होता. एकोणपन्नास साली राघोने आपल्या वाट्यात सगळं ब्रह्मदेशी भात लावलं आणि भाद्रपदातच त्याच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या. माझ्या अजून हिरव्या.

"नाथा, यंदा मान राघोचा बरं का," पाटील म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे बांधाला उघाडी असते. तिची लाकडी फळी ओहोटीला उचलायची, भरतीला बसवायची. सर्वपित्री अमावास्येला ऐन दुपारी मोठी भरती होती. सगळं गाव घरोघर कावळ्याला बोलावण्यात गुंतलेलं. मी गेलो आणि राघोच्या उघाडीची फळी उचलली. गढूळ पाणी त्याच्या भातात धावलं. दोन बिड्या संपेपर्यंत मी बघत उभा राहिलो. मग फळी बसवून घरी आलो आणि पान वाढलं. कावळा काही शिवला नाही.

संध्याकाळी शेतावर गेलो तर राघोच्या भातात पाणी, आणि माझ्याही! माझा बांध तर धड होता. खाडीतल्या चिपीच्या खारफुटीमागे, जिथे मी कधी फिरकत नाही, तिथे गेलो. दोन्ही शेतांच्या मधून एक चर खणलेला होता.

राघो मागून आला. "तुज्या भातात पावसाचा पाणी तुंबला होता, दादूस. कुजला असता. म्हून श्रावणात माज्या शेतातून वाट काढली."

"बोलला नाहीस?"

"त्यात काय बोलायचा?"

आठ दिवसांत माझं भात करपून गेलं. त्याचं खाऱ्या पाण्याच्या देशातलं, ते उभं राहिलं.

दसऱ्याला ढोल वाजले. राघोने गावासमोर विळ्याने लोंब्या कापल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "मान थोरल्याचा," तो म्हणाला. गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बघत होती त्याच्याकडे.

माझी टोपी सारखी करायच्या निमित्ताने तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "फळीची डांबराची बाजू खाडीकडं असते, दादूस. तू घाईत आत केलीस. मी फिरवून ठेवली."

लोंब्या मी देवीपुढे कशा ठेवल्या, माझं मला ठाऊक. मागे वळून पाहिलं तर राघो गर्दीच्या पार शेवटी उभा होता. नाथाने बाराव्या वर्षीही मान राखला, असं गाव अजून सांगतं. आधी मला त्याच्या ब्रह्मदेशाचा हेवा वाटायचा, मग भाताचा. त्या दिवसापासून त्याच्या मनाचा वाटतो, आणि हा हेवा काही केल्या जात नाही.