पोटाचा सरकारी अहवाल

यशवंतरावांची तीस वर्षं सरकारी बाबूगिरीत गेली. वरून माहिती मागवली की 'निरंक' लिहायचं अन् मोकळं व्हायचं, हाच त्यांचा धर्म. खरं लिहिलं की चौकशी येते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

रिटायर झाल्यावर त्यांच्या आतड्याला सूज धरली. दिवसातून आठ-आठदा धावाधाव, वर रक्त. नागपूरहून महिन्यातून एकदा पांढुर्ण्याला येणाऱ्या डॉक्टर धनश्रीबाई म्हणाल्या, "काका, या रोगात ज्याचं त्याचं आतडं वेगळं. हे औषध सुरू करा अन् रोज मोबाइलात भरा, कितीदा गेलात, रक्त पडलं का, काय खाल्लं. शेकडो पेशंटांची माहिती ताडून कम्प्युटर सांगेल, कोणाला कोणतं औषध लागू पडतं ते."

यशवंतरावांनी इमानेइतबारे भरलं. म्हणजे रविवारी बसून साऱ्या हप्त्याचं एकदम. कितीदा? एकदा. रक्त? निरंक. आता सांगा, पोरीसारख्या बाईला असलं काय लिहून द्यायचं माणसानं? बायको सुधाबाई संडासाच्या दाराबाहेरून म्हणे, "खरं लिहा न बाप्पा."

"तू चूप बैस. रेकॉर्ड खराब करून राहिली."

तीन महिन्यांनी धनश्रीबाईंनी स्क्रीन फिरवून दाखवला. रेघ अशी सपाट, की वर कॅरम मांडावा. "तुमच्याइतका गुण कोणालाच नाही आला, काका." यशवंतराव फुगले. तेवढ्यात पोटात कळ आली, तर मांडीवर मांडी आवळून हसत बसले.

"बाहेर बोरगावची अश्विनी बसली आहे, बारावीतली. तिचे तपासणीचे रिपोर्ट हुबेहूब तुमच्या सुरुवातीच्या रिपोर्टांसारखे. कम्प्युटर म्हणतो, काकांना लागू पडलं तेच हिला द्या. आजच सुरू करते."

यशवंतरावांनी दारातून पाहिलं. पोरगी पोट धरून वाकली होती, मांडीवर पुस्तक उघडं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या खोट्यानं आपलंच पोट जळत होतं तोवर ठीक होतं.

"थांबा जी मॅडम. सारं खोटं आहे. आठदा जातो मी, रक्तही पडते. सकाळपासून तीनदा झालं, अन् आता..."

वाक्य तिथंच टाकून ते पळाले.

बाहेर आले तर संडासाच्या दाराशी अश्विनी उभी, कपाळाला घाम.

"आज कितीदा झालं वं पोरी?"

"सहादा," ती मान खाली घालून म्हणाली.

"अन् मोबाइलात किती लिहिलं?"

"दोनदा, काका."

यशवंतराव बाजूला झाले. "जाऊन ये माय. मग दोघंही खरं लिहू."